निर्दोष सुटलेल्या माणसाच्या सायकलीबद्दल : महाराष्ट्र विधिमंडळाच्या सदस्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्र विधानसभा व विधान परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य

स.न.वि.वि.

हिवाळी अधिवेशनाला तुम्ही नागपूरला येता. विमानतळावरून विधानभवनाकडे जाताना वर्धा रोडवर मध्यवर्ती कारागृह लागतं. गाड्यांचा ताफा तिथून भरकन निघून जातो. त्यात गैर काही नाही, तुरुंगाची भिंत बघायला कोण थांबतं? पण त्या भिंतीआड राज्यातल्या दोन फाशी यार्डांपैकी एक आहे. दुसरं येरवड्याला. आणि या भिंतीआडून गेल्या काही वर्षांत अशी माणसं बाहेर आली आहेत, ज्यांना आपण आधी गुन्हेगार ठरवलं, शिक्षा दिली, आणि दहा-पंधरा वर्षांनी ‘गुन्हा सिद्ध होत नाही’ म्हणून सोडलं. ती बाहेर आल्यावर पुढे त्यांचं काय होतं, एवढ्याच प्रश्नावर हे पत्र आहे.

मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करते. गरिबांना मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर आहे. ज्यांच्यामुळे हे पत्र लिहायला बसले त्यांना गावात तात्या म्हणतात, मीही इथे तात्याच म्हणेन. गावाचं नाव सांगत नाही. गाव लहान आहे आणि तात्यांना अजून तिथेच राहायचं आहे. २००९ साली खुनाच्या गुन्ह्यात अटक, पुढे सेशन कोर्टात जन्मठेप, २०२१ मध्ये उच्च न्यायालयातून निर्दोष मुक्तता. मध्ये बारा वर्षं.

मी त्यांचा खटला लढले नव्हते. ते माझ्याकडे आले ते रेशन कार्डासाठी.

भावाच्या कार्डावरून त्यांचं नाव कमी झालं होतं. नाव पुन्हा चढवायला आधार लागतं. आधार काढायला पत्त्याचा पुरावा लागतो. पत्त्याचा पुरावा म्हणजे रेशन कार्ड. देशातलं पहिलं आधार कार्ड आपल्याच राज्यात, नंदुरबारच्या टेंभलीत, २९ सप्टेंबर २०१० ला दिलं गेलं. तात्या त्याच्या आदल्या वर्षी आत गेले होते. तुरुंगातही आधारची शिबिरं होतात म्हणे, त्यांच्यापर्यंत पोचलं नाही. सेतू केंद्रातल्या पोराने सरळ विचारलं, “काका, इतकी वर्षं आधार काढलं नाही? होता कुठे?” त्या पोराची काही चूक नाही. तात्यांनी सदऱ्याच्या खिशातून एक कागद काढून त्याच्यासमोर ठेवला. हायकोर्टाच्या निकालाचं शेवटचं पान, लॅमिनेट केलेलं. मागच्या रांगेतल्या दोघातिघांनी ते वाकून वाचलं. इंग्रजीत होतं, त्यामुळे त्यांना ‘मर्डर’ एवढाच शब्द कळला.

तो कागद ते अजून खिशात बाळगतात. झोपताना उशाखाली ठेवतात.

आता तुम्हाला माहीत असलेल्या एका खटल्याकडे येते, कारण तात्यांची गोष्ट मी सांगतेय म्हणून खरी मानायची, पण ही तर सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात आहे. जून २००३ मध्ये नाशिक जिल्ह्यात एका शेतवस्तीवर दरोडा पडला, एका रात्रीत पाच खून झाले, बायकांवर अत्याचार झाले. सहा जण पकडले गेले. सगळे भटक्या जमातीतले, मोलमजुरी करणारे. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांची फाशी कायम केली. उच्च न्यायालयाने ज्या तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली होती, त्यांनाही पुन्हा फाशी. पुढे उघड झालं की त्यातला एकजण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. त्या रात्री वाचलेल्या बाईंनी घटनेनंतर लगेच पोलिसांच्या फोटोंतून चार वेगळीच माणसं ओळखली होती. त्या चौघांपर्यंत तपास गेलाच नाही.

म्हणजे सहा कुटुंबं उद्ध्वस्त झाली आणि सातव्या कुटुंबालाही न्याय मिळाला नाही. निर्दोषांच्या बाजूने बोलणं म्हणजे पीडितांच्या विरोधात बोलणं, असं अनेकांना वाटतं. त्यांनी हा निकाल एकदा वाचावा. चुकीचा माणूस आत गेला त्याच दिवशी खरा माणूस सुटलेला असतो, फक्त त्याची सुटका कुठल्या रजिस्टरला लागत नाही.

न्यायालयाने त्या निकालात राज्य सरकारला सांगितलं की या सहा जणांना पुनर्वसनासाठी प्रत्येकी ५ लाख रुपये द्या, आणि तपासात कसूर करणारे अधिकारी शोधून त्यांच्यावर खात्यामार्फत कारवाई करा. वर्तमानपत्रांनी ‘ऐतिहासिक’ म्हटलं. मी त्या दिवशी कोर्टाच्या कँटीनमध्ये पेपरच्या कडेला भागाकार मांडला. सोळा वर्षं म्हणजे ५,८४० दिवस. ५ लाख भागिले ५,८४०. दिवसाला साधारण ८६ रुपये. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी २०६ रुपये होती. म्हणजे फाशीची वाट बघण्याची मजुरी खड्डे खणण्याच्या मजुरीच्या निम्मीही नाही.

आणि हे ज्यांना मिळालं ते नशीबवान. इतरांना तेही नाही, कारण असं काही देण्याचा कायदाच आपल्याकडे नाही. न्यायमूर्तींच्या मनात आलं तर आदेश होतो, नाही आलं तर ‘तात्काळ मुक्त करण्यात यावे’ या ओळीवर निकाल संपतो. तात्यांचा तसाच संपला. ठाणे जिल्ह्यातल्या खटल्यात फाशीची शिक्षा झालेला एक माणूस बारा वर्षांनी, २०२५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयातून निर्दोष सुटला. भरपाईसाठी त्याला पुन्हा त्याच न्यायालयाचं दार ठोठावावं लागलं. मुंबई लोकल बॉम्बस्फोट खटल्यातले एक शिक्षक २०१५ मध्ये विशेष न्यायालयातूनच निर्दोष सुटले, नऊ वर्षं आत काढून. भरपाईचा त्यांचा अर्ज दहा वर्षांनी मानवाधिकार आयोगाकडे गेला. (त्याच खटल्यातल्या बाकीच्या बारा जणांबद्दल मी इथे काही म्हणत नाही, उच्च न्यायालयाने त्यांना सोडलं असलं तरी सरकारचं अपील अजून चालू आहे.)

१ जुलै २०२४ पासून नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तेव्हा मी आशेने कलमं चाळली. ३९९ क्रमांकाचं कलम सापडलं. विनाकारण अटक करवली असेल तर, ज्याने करवली त्याच्याकडून जास्तीत जास्त १,००० रुपये. जुन्या कायद्यातही हाच आकडा होता. कायद्याचं नाव बदललं, भाषा बदलली, हजार रुपये तसेच राहिले.

तरी कुणी विचारच केला नव्हता असं नाही. दिल्ली उच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून केंद्रीय विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ मध्ये २७७ वा अहवाल दिला. चुकीच्या खटल्यात अडकलेल्यांसाठी जिल्ह्यात विशेष न्यायालय, ठरलेल्या मुदतीत भरपाई, निकाल लागेपर्यंत अंतरिम मदत, शिवाय समुपदेशन आणि कामधंद्याचं प्रशिक्षण, असं बरंच चांगलं त्यात आहे. तो अहवाल धूळ खातोय. तो जसाच्या तसा लागू करा असं मात्र मी म्हणणार नाही. त्यात एक खोच आहे. भरपाई मिळायला खटला द्वेषाने किंवा अप्रामाणिकपणे चालवला गेला हे दाखवावं लागेल. तात्या हे कसं दाखवणार? त्यांच्या खटल्यात कुणी कट रचला नव्हता. एका घाबरलेल्या साक्षीदाराने नाव घेतलं, तपास करणाऱ्याने दुसरीकडे बघितलं नाही, सरकारी मदतीतून मिळालेल्या वकिलाने उलटतपास चार प्रश्नांत उरकला. कुणाचाच हेतू वाईट नाही आणि एक माणूस बारा वर्षं आत. बहुतेक प्रकरणं अशीच असतात हो. सैतान कमी, आळस जास्त.

म्हणून माझं म्हणणं असं की दोन गोष्टी वेगळ्या काढा. मोठी भरपाई, कुणाची चूक, कोणावर कारवाई, हे चौकशीवर सोडा, त्याला वेळ लागू द्या. पण शिक्षा होऊन वरच्या कोर्टात निर्दोष ठरलेल्या प्रत्येक माणसाला पहिल्या महिन्याची मदत बिनाचौकशी मिळाली पाहिजे. त्यासाठी कुणाचा दोष सिद्ध व्हायची गरज नाही. पूर आला की तहसीलदार आधी धान्य देतो, धरणाचे दरवाजे कुणी उघडले ते नंतर बघतात.

पहिला महिना का म्हणते ते सांगते. शिक्षा भोगून सुटणाऱ्या माणसाला आपली तारीख माहीत असते. शिक्षेतल्या माफीचे दिवस तो बोटांवर मोजत असतो. घरच्यांना कळवतो, अभिवचन रजेवर, म्हणजे पॅरोलवर, येऊन गेलेला असतो, परिविक्षा (प्रोबेशन) अधिकारी नावाचा कुणीतरी कागदावर तरी असतो. निर्दोष सुटणाऱ्याचं असं काहीच नाही. मुंबईला निकाल लागतो, आदेश तुरुंगात पोचतो, कागद तपासले जातात आणि संध्याकाळी नाव पुकारतात, “सामान घे.” तात्यांना वाटलं बराक बदलतायत. अंधार पडता पडता ते गेटबाहेर होते. हातात प्लास्टिकची पिशवी, अंगावर कोर्टाच्या तारखेसाठी घरून आणलेले जुने कपडे, तुरुंगातल्या खात्यावर शिल्लक होते ते थोडे पैसे. तो कोरोनाचा काळ होता, एसटी बंद. समोरच्या चहावाल्याने फोन लावून दिला. भावाचा नंबर बारा वर्षांत तीनदा बदलला होता. रात्र त्यांनी गेटच्याच जवळ फूटपाथवर काढली. मी विचारलं, तिथेच का? म्हणाले, “तिथं उजेड होता ताई. आणि पोलीस होते. बरं वाटलं.”

बराकीत रात्रभर दिवा चालू असतो. घरी आल्यावर कितीतरी महिने त्यांना अंधारात झोप लागली नाही आणि पुतण्यांना उजेडात. दार बंद असलं की ते उघडत नाहीत, समोर उभे राहतात. माझ्या ऑफिसचं दार काचेचं आहे. पहिल्यांदा आले तेव्हा किती वेळ बाहेर उभे होते कोण जाणे, मीच उठून उघडलं. संध्याकाळी सहाच्या आत घरी येतात, मग शेतात काम कितीही असो. गावातली पोरं यावर हसतात. मानसोपचार म्हटलं की गावात ‘येडा झाला’ असा अर्थ होतो, त्यामुळे मी तो शब्द वापरला नाही, ‘झोपेच्या डॉक्टरकडे’ म्हणून जिल्हा रुग्णालयात घेऊन गेले. डॉक्टर चांगले होते. पण तिथपर्यंत न्यायला कुणी नसतं तर?

आईचं सांगायचं राहिलं. तात्या आत असताना ती गेली. तिचा पत्र्याचा डबा भावाने तसाच ठेवला होता. त्यात पाचशेच्या सात नोटा होत्या, अपिलाच्या खर्चासाठी जपून ठेवलेल्या. नोव्हेंबर २०१६ मध्ये त्यांचे कागद झाले हे तिला कुणी सांगितलं नाही, किंवा सांगितलं असेल आणि तिला पटलं नसेल.

माओवाद्यांशी संबंधांच्या आरोपावरून जन्मठेप झालेले प्राध्यापक जी. एन. साईबाबा सगळ्यांना माहीत आहेत. त्यांच्या मतांबद्दल तुमच्यात दोन तट असतील, असू देत. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना निर्दोष ठरवलं, ७ मार्च २०२४ ला ते व्हीलचेअरवर नागपूर कारागृहाबाहेर आले आणि त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला वारले. सात महिने. तुरुंगात असतानाच गेलेली कॉलेजची नोकरी त्यांना परत मिळाली नाही. इंग्रजी शिकवणाऱ्या, दिल्लीत ओळखी असणाऱ्या, पत्रकारांनी घेरलेल्या माणसाची ही गत. मग अंगठा लावणाऱ्याचं काय होत असेल, याचा अंदाज करा.

नोकरीवरून आठवलं. ‘सुटला’ हा शब्दच बघा आपला. निर्दोष ‘होता’ असं कुणी म्हणत नाही, निर्दोष ‘सुटला’ म्हणतात. परीक्षेत काठावर सुटला तसा. त्यात निकालपत्रात ‘संशयाचा फायदा’ हे शब्द आले की झालंच. सरकारी नोकरीत, चारित्र्य पडताळणीत, सन्मानाने निर्दोष आणि संशयाच्या फायद्याने निर्दोष असे दोन वर्ग पडतात, आणि गावात तर दुसराच वर्ग चालतो. तात्यांच्या पुतण्याने पोलीस भरतीचा फॉर्म भरला तेव्हा त्याला कुणीतरी सांगितलं, चुलत्याचं नाव कुठे घेऊ नकोस. कायद्याने चुलत्याच्या खटल्याशी त्याचा काही संबंध नाही हे मी त्याला तीनदा समजावलं. त्याने मान डोलावली. नाव घेतलं नाहीच.

यावर उपाय अवघड नाही. ज्या सरकारने ‘सरकार विरुद्ध अमुक’ म्हणून खटला चालवला, त्याच सरकारने जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीने, मराठीत, एक पानभर लिहून द्यावं: या व्यक्तीला चुकीने शिक्षा झाली होती, न्यायालयाने ती रद्द केली आहे, कोणत्याही कार्यालयाने तिच्याकडे यापेक्षा अधिक खुलासा मागू नये. ग्रामपंचायतीला एक प्रत, पोलीस ठाण्याला एक प्रत. तात्यांना पैशापेक्षा हे आधी हवं आहे. मला वाटलं होतं उलटं असेल.

बाकी यंत्रणा नव्याने उभारायची गरज नाही. प्रत्येक जिल्ह्यात विधी सेवा प्राधिकरण आहेच. अत्याचार आणि ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांसाठी आपण २०१३ मध्ये मनोधैर्य योजना आणली, ती त्याच्यामार्फतच चालते. तिथेच एका माणसावर हे काम सोपवा. निकाल लागल्याच्या दिवशी त्याला तुरुंगातून कळलं पाहिजे. त्याने घरच्यांना फोन करावा, गेटवर गाडी घेऊन यावं, महिन्याभराच्या खर्चाची रक्कम हातात द्यावी, आधार, रेशन, मतदार यादी, बँक खातं ही कामं स्वतः सोबत जाऊन करावीत. सातबारा काढून बघावा, कारण आत असलेल्या माणसाची जमीन वाटणीत, सावकारीत किंवा नुसत्या गैरसमजात दुसऱ्याच्या नावे गेलेली असते. मुंबईत टाटा समाज विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प १९९० पासून बंद्यांसोबत अशी कामं करतो आहे. त्यांच्या समाजकार्यकर्त्यांना बोलवा, ते शिकवतील.

“हा केंद्राचा विषय,” असं उत्तर येईल याची मला कल्पना आहे. तुरुंग हा राज्य सूचीतला विषय आहे आणि फौजदारी प्रक्रिया समवर्ती सूचीतला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो असा. आणि आपण दिल्लीची वाट कधी बघितली? रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने १९७७ मध्ये केला, देशाने २००५ मध्ये. माहितीच्या अधिकाराचा कायदा आपला २००२ चा, केंद्राचा २००५ चा. बेकायदा कैदेबद्दल राज्याने नुकसानभरपाई द्यावी हे १९८३ मध्ये रुदुल शाह प्रकरणात सांगणारे सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड पुण्याचे. बिहारमधला तो माणूस निर्दोष ठरल्यानंतरही चौदा वर्षं तुरुंगात होता, त्याला ३५ हजार मिळाले. त्या निकालाला चाळीस वर्षं होऊन गेली.

किती द्यायचं, हा आकडा मी सांगणार नाही, तो माझा अधिकार नाही. एवढंच सांगते की जपानमध्ये कैदेच्या दिवसाला किमान आणि कमाल दर कायद्याने ठरलेला आहे. अठ्ठेचाळीस वर्षं आत काढलेल्या इवाओ हाकामादा यांना २०२४ मध्ये निर्दोष ठरवल्यावर पुढच्या मार्चमध्ये न्यायालयाने दिवसाला १२,५०० येन या दराने भरपाई दिली. दर कमी की जास्त यावर वाद घाला, पण दर असू द्या. उपकार म्हणून दिलेलं नको.

शेवटी सायकलीचं. २००९ मध्ये तात्यांची सायकल मुद्देमाल म्हणून जप्त झाली होती. गुन्ह्याशी तिचा संबंध काय हे मला अख्खं निकालपत्र वाचूनही कळलेलं नाही. मुद्देमाल परत करावा असा आदेश आहे. ठाण्यात गेलो तर तिथल्या हवालदारांनी मागच्या अंगणात नेलं. गंजलेल्या दुचाक्यांचा ढीग, त्यावर घाणेरीची झुडपं वाढलेली. तात्या त्या ढिगाभोवती दोन चकरा मारून आले. एका चाकापाशी वाकले, मग नाही म्हणाले, माझ्या सायकलीला मागं लाल कॅरिअर होतं.

ठाण्याने लेखी दिलं की नोंद आढळत नाही. मी कोर्टात अर्ज केला. सरकारी वकिलांनी म्हणणं मांडायला मुदत घेतली, आतापर्यंत चार वेळा. मी तात्यांना म्हटलं, सोडून द्या, मी नवी घेऊन देते. ते म्हणाले, “नको ताई, ती सरकारकडं आहे. सरकारलाच देऊ द्या.”

पुढची तारीख पुढच्या महिन्यात आहे. आम्ही दोघंही जाणार आहोत.

आपली नम्र,
तालुका न्यायालयातील एक वकील